नऊ जणांची मंडळी आणि शास्त्रातला धीर

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे: वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत, तुम्ही उभयतांनी मराठी उपासना सुरू केल्याला सात महिने झाले. पहिल्या रविवारी अठरा जण आले होते. गेल्या रविवारी नऊ जण होते आणि त्या नवांत तुम्ही, तुमच्या पत्नी आणि शाळेत जाणारा मुलगा हे तिघे धरलेले आहेत. तुम्ही कारखान्यात पाळीची नोकरी करता, संदेशाची तयारी रात्री उशिरा करता, आणि परवा पत्नीने तुम्हाला विचारले की हे काम देवाचे आहे की आपल्या हौसेचे. म्हणून नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा नवा समूह, सुरू करणाऱ्याला धीर देतील अशी बायबलमधली दहा-वीस वचने तुम्ही माझ्याकडे मागितली आहेत.

वडोदऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सेवा करण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत. तुम्ही मागता तशी यादी मी एके काळी स्वतः तयार करून बायबलच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली होती. ती मी तुम्हाला देणार नाही, आणि का देणार नाही हे सांगण्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येते.

दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या घराच्या माडीवर आमची उपासना सुरू झाली, त्या वर्षअखेरीच्या रात्रीची ही गोष्ट आहे. नवीन वर्षासाठी एकेक वचन छापलेली वचनकार्डे उचलण्याची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या हाती यिर्मया २९:११ आले: परमेश्वराचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे ते वचन. मला वाटले, आता जागेची, पैशाची, माणसांची सगळी चिंता मिटली. मी ते रंगाऱ्याकडून निळ्या कापडावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि संदेश देण्याच्या जागेमागे लावले. चार महिन्यांनी घरमालकांनी जागा रिकामी करायला सांगितली. शेवटच्या दिवशी मी तो फलक गुंडाळत असताना श्रीरामपूरकडच्या एक वृद्ध आजी सतरंजी झटकत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "साहेब, ह्याच्या वरची ओळ वाचली का? तिथं सत्तर वर्षं लिहिलीत. आपल्याला तर चारच महिने झाले."

मी घरी जाऊन तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला आणि मनातून खजील झालो. ते वचन म्हणजे एका पत्रातले एक वाक्य आहे. इ. स. पूर्व ५९७ च्या सुमारास यरुशलेमेतून बाबेलास (बॅबिलोनला) बंदिवासात नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते पत्र लिहिले, आणि त्यातला मुख्य निरोप असा की लवकर परत जाल या आशेवर बसू नका. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे हित चिंतून त्यासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे आणि त्यानंतरच ते अकरावे वचन येते. म्हणजे मी ज्या वचनाला धरून 'लवकर होईल' असे स्वतःला समजावत होतो, ते वचन मुळात 'लवकर होणार नाही' असे सांगणाऱ्या पत्रातले होते. तरीही त्या रात्री मला आधीपेक्षा जास्त धीर आला, कारण आता वचन आणि माझी परिस्थिती यांच्यात काही भांडण उरले नव्हते. वडोदऱ्यातली आपली कितीतरी कुटुंबे गायकवाडांच्या काळापासून इथे घरे बांधून राहिली आहेत. परक्या भाषेच्या नगराचे हित चिंतणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

तेव्हा पहिली सवय अशी लावून घ्यावी की धीर देणारे कोणतेही वचन सापडले की त्याच्या वरच्या दहा आणि खालच्या दहा ओळी वाचल्याशिवाय ते स्वतःला किंवा मंडळीला देऊ नये. याने काही आवडती वचने हातची जातील, हे खरे. जी उरतील ती मात्र टिकाऊ असतील.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नव्या मंडळीसाठी शास्त्रभाग शोधताना आपण 'प्रोत्साहन' या विषयाखाली शोधतो. प्रत्यक्षात नव्या करारातली बहुतेक पत्रे नव्या मंडळ्यांनाच लिहिलेली आहेत. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ नगराच्या मंडळीला लिहिले तेव्हा ती मंडळी उणीपुरी चार-पाच वर्षांची होती. थेस्सलनीकाकरांना पहिले पत्र गेले तेव्हा तिथली मंडळी तर काही महिन्यांचीच होती, जवळजवळ तुमच्याइतकी. आपण ही पत्रे जुन्या, दगडी, घंटा असलेल्या देवळात ऐकत आलो, त्यामुळे ती कुठल्या बैठकीच्या खोलीत प्रथम वाचली गेली हे आपल्या ध्यानात राहत नाही.

करिंथचेच पाहा. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये ती हकिकत आहे, आणि तिचा काळही बराच नेमका सांगता येतो, कारण पौलाला ज्याच्यापुढे उभे केले तो रोमी सुभेदार गल्लियो इ. स. ५१ च्या सुमारास त्या पदावर होता, हे ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखावरून कळते. पौल त्या नगरात आला तो दमलेला होता. फिलिप्पैत फटके, थेस्सलनीकात दंगल, अथेनैत थोडी टिंगल, असा त्याचा आधीचा प्रवास. आपण अशक्तपणात, भीत भीत आणि फार कापत तुमच्याकडे आलो, हे त्यानेच १ करिंथ २:३ मध्ये नंतर कबूल केले आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो राहुट्या शिवण्याचे काम करी आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, सभास्थानात बोले. तुमच्यासारखेच: आठवडाभर पाळी, सुटीच्या दिवशी संदेश. आणि मग रात्री दृष्टान्तात प्रभू त्याला सांगतो की भिऊ नको, बोलत राहा, ह्या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत.

या वचनावर मी वर्षानुवर्षे संदेश दिले, पण दोन बाबी फार उशिरा लक्षात आल्या. 'भिऊ नको' हे भ्यालेल्या माणसालाच सांगावे लागते. तेव्हा तुमच्या मनात भीती आहे यावरून तुमचे पाचारण खोटे ठरत नाही. दुसरी बाब अशी की 'माझे पुष्कळ लोक आहेत' हे सांगितले तेव्हा त्यांतले बरेच जण पौलाला भेटलेही नव्हते. ते कोण, कुठल्या गल्लीत राहतात, किती वर्षांनी येतील, हे त्याला कळवलेले नाही. त्यानंतर तो तिथे दीड वर्ष राहिला, एवढेच आपल्याला कळते. पुढे रोमकरांस १६:२३ मध्ये गायस हा सगळ्या मंडळीचा यजमान असल्याचा उल्लेख येतो. म्हणजे इतक्या मोठ्या बंदराच्या नगरातली मंडळी एकाच्या घरी जमू शकत होती. आणि त्या घरात काय चालले होते? गटबाजी, आपसांतले खटले, प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी तर दुसरा पिऊन मस्त. तरीही पौल पत्राच्या आरंभी तिला 'देवाची मंडळी' म्हणतो. तुमच्या नऊ जणांत पेटी कोणी वाजवायची यावरून अबोला धरला गेला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. करिंथच्या मानाने तुमचे बरेच बरे चालले आहे.

मात्र मला सगळ्यांत जास्त धीर फिलिप्पैच्या हकिकतीने दिला, म्हणून तिच्याजवळ थोडा वेळ थांबतो. प्रेषितांची कृत्ये १६ वाचताना आपण बंदिशाळेतल्या भूमिकंपाकडे धावतो आणि त्याआधीचा भाग झपाट्याने मागे टाकतो. पौल आणि त्याचे सोबती आशिया नावाच्या रोमी प्रांतात (आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात) वचन सांगू इच्छितात, त्यांना मनाई होते. बिथुनियात जाऊ पाहतात, तिथेही दार बंद. त्रोवस बंदरात रात्री दृष्टान्त होतो आणि समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून साहाय्याला येण्याची विनवणी करतो. ते समुद्र ओलांडून फिलिप्पैला पोहोचतात आणि तिथे त्यांना मासेदोनियाचा तो मनुष्य भेटत नाही. काही दिवस तसेच जातात. शब्बाथ दिवशी ते वेशीबाहेर नदीकाठी जातात, कारण तिथे प्रार्थनेची जागा असेल असे त्यांना वाटते, आणि तिथे जमलेल्या असतात काही स्त्रिया. (आपल्या विश्वामित्रीच्या काठी मगरींच्या धाकाने कोणी प्रार्थनेला बसणार नाही, ही गोष्ट वेगळी.) त्या स्त्रियांपैकी लुदिया नावाच्या जांभळी वस्त्रे विकणाऱ्या बाईचे अंतःकरण प्रभू प्रफुल्लित करतो. ती कुठली? थुवतीराची. आणि थुवतीरा कुठे? आशिया प्रांतात, जिथे जायला पौलाला नुकतीच मनाई झाली होती.

मी हे पहिल्यांदा नकाशावर बोट ठेवून पाहिले तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्या प्रांताचे दार बंद झाले त्याच प्रांतातली बाई दुसऱ्या खंडात, नदीकाठी, त्यांची वाट पाहत असल्यासारखी बसली होती. दृष्टान्तात पुरुष दिसला, भेटल्या स्त्रिया. बोलावणे मासेदोनियाचे, पहिले घर आशियाच्या बाईचे. काम ठरल्याप्रमाणे झाले नाही म्हणून ते देवाचे नाही, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार या अध्यायानंतर माझ्याकडे उरला नाही. तुम्ही नगर-जालन्याकडून आलेले कामगार डोळ्यांपुढे ठेवून उपासना सुरू केली आणि प्रत्यक्षात टिकून राहिल्या त्या शेजारच्या इमारतीतल्या दोन विधवा बहिणी आणि एक परिचारिका, असे तुम्ही जरा खंतावून लिहिले आहे. तुमच्या पत्राचा तो परिच्छेद मी तर हसतच वाचला. पुढे हीच फिलिप्पैची मंडळी देण्याघेण्यात पौलाला साथ देणारी एकटी मंडळी ठरली, हे फिलिप्पै ४:१५ मध्ये आहे.

आता गळतीविषयी. नऊ जण कमी झाले की कोणीतरी वडीलधारे येऊन गिदोनाची गोष्ट सांगतात: बत्तीस हजारांतून तीनशे उरले, तसे तुमचे झाले. या सांत्वनापासून सावध राहा. शास्ते ७ मध्ये संख्या देवाने कमी केली, आणि इस्राएलाने स्वतःच्या बळाची फुशारकी मारू नये हे तिचे कारणही तिथेच दिले आहे. आपल्याकडची संख्या कधी देव कमी करतो, तर कधी पाळकाचा पन्नास मिनिटांचा संदेश. त्रोवसला युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरून झोपेत खाली पडला तो पौलाचे भाषण लांबले तेव्हा. आपण पौल नाही, तेव्हा पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. गेलेल्यांपैकी एक कुटुंब हजिऱ्याला बदलीने गेले, दोन घरे आपल्या जुन्या गुजराती मंडळीत परतली, उरलेल्यांचे कारण ठाऊक नाही, असे तुम्ही सांगता. ज्यांचे कारण ठाऊक नाही त्यांच्याकडे एकदा जाऊन या. रविवारचा विषय न काढता चहा घ्या, घरच्यांची विचारपूस करा, विनंती केली तरच प्रार्थना करा. परतलेल्यांच्या पाळकांनाही भेटा. दुसऱ्याच्या पायावर इमारत न बांधण्याची पौलाला काळजी होती (रोमकरांस १५:२०), आणि तुमची मंडळी ही त्यांच्यातून फोडलेली नसून मराठीत प्रार्थना करू इच्छिणाऱ्यांसाठी उघडलेली आहे, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलेले बरे. आणि माणसे सोडून जातात याविषयी २ तीमथ्य ४ मधल्या दहाव्या आणि अकराव्या वचनांइतके प्रामाणिक दुसरे काही मला ठाऊक नाही. सहकारी देमास सोडून गेला, असे पौल एका ओळीत लिहितो आणि पुढच्याच ओळीत मार्काला घेऊन ये म्हणतो. हा तोच मार्क, ज्याने पूर्वी अर्ध्यावर साथ सोडली म्हणून पौल आणि बर्णबा यांची फारकत झाली होती. एकाच पत्रात एक गेलेला आहे आणि एक परतलेला आहे. कोण कोणता ठरेल हे सात महिन्यांत कळत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या एका काकांना प्रत्येक रविवारी आपल्या गावच्या मोठ्या देवळाची आठवण येते आणि ती ते बोलूनही दाखवतात. त्यांच्यावर चिडू नका. त्यांचाही शास्त्रात उल्लेख आहे. एज्रा ३:१२ मध्ये नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीचे हर्षाने ओरडले, आणि रडणे कोणते व ओरडणे कोणते हे दुरून ओळखू येईना. पुढे ते बांधकाम सुमारे सोळा वर्षे रखडले. इ. स. पूर्व ५२० मध्ये हाग्गय आणि जखऱ्या या दोघा संदेष्ट्यांनी लोकांना पुन्हा कामाला लावले. "बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे तर माझ्या आत्म्याने" हे प्रसिद्ध शब्द, आणि अल्प आरंभाचा दिवस तुच्छ लेखू नये हा इशारा, दोन्ही जखऱ्याच्या चौथ्या अध्यायातले, त्या रखडलेल्या बांधकामासंबंधीचे आहेत. रडणाऱ्यांना कोणी हाकलून दिल्याचे मात्र कुठे लिहिलेले नाही. त्या काकांना एखाद्या रविवारी त्यांच्या गावच्या देवळाची हकिकत सगळ्यांना सांगायला लावा. कदाचित रडे ओसरेल.

नगर जिल्ह्यातल्या लोकांपुढे मी आणखी एक हकिकत आवर्जून ठेवतो, कारण ती त्यांच्या आजोबा-पणजोबांची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये पटकीने वारले. तेरा वर्षे त्यांनी मराठी शिकून शाळा चालवल्या, भाषांतर केले, गावोगाव हिंडले, आणि डोळ्यांना दिसेल असे फळ फारच थोडे पाहिले. अहमदनगरचे मिशनकेंद्र १८३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सुरू झाले. आणि ज्यांची गीते आपण दर रविवारी पेटीवर म्हणतो त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो १८९५ मध्ये. "मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण देव वाढवत गेला" हे आपण तोंडपाठ म्हणतो, परंतु लावणारा आणि पाणी घालणारा यांच्यात कधी कधी पिढ्यांचे अंतर असते, हे आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात लिहिलेले आहे.

तुमच्या पत्नीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना देण्याऐवजी तुम्हाला देतो. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला वचन सुनावत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. बोलणे पुढे, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी होते. बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार जण आहेत, हे त्याला तेव्हा कळते. तुम्ही रात्रपाळी करून शुक्रवारचा उपास, शनिवारची घरप्रार्थना आणि रविवारची उपासना एकट्याने ओढत आहात. पुढचे दोन महिने शनिवार बंद ठेवा आणि ती संध्याकाळ घरच्यांना द्या. सुरसागरच्या काठी फिरून या, मुलाला शेवउसळ खाऊ घाला. हा सल्ला आळसाचा वाटला तर तो अध्याय पुन्हा वाचा. दुसरे असे की अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याचा उल्लेख नव्या करारात सहा वेळा येतो आणि त्यांतल्या चार ठिकाणी पत्नीचे नाव आधी आहे. ज्या घरात मंडळी जमते त्या घरातल्या बाईला ती मंडळी चालवायची की नाही हे विचारणे राहून गेले असेल तर तिचा प्रश्न हा अविश्वास नव्हे. चादरी कोण घालते, नऊ जणांचा चहा कोण करते, शेजाऱ्यांच्या तक्रारी कोण ऐकते, हे एकदा मोजून पाहा.

शेजाऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. सोसायटीच्या चिटणीसांना स्वतः जाऊन भेटा, आपण कोण आणि रविवारी दोन तास काय करतो हे सांगा, ध्वनिवर्धक लावू नका, पादत्राणे जिन्यात पसरू देऊ नका. गुजरातचा धर्मस्वातंत्र्याचा २००३ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती एखाद्या जाणत्या वकिलाकडून समजावून घ्या, म्हणजे ऐकीव भीतीवर दिवस काढावे लागणार नाहीत. शांतपणे राहावे, आपापला व्यवसाय करावा, आपल्या हातांनी काम करावे, हे १ थेस्सलनीका ४:११ मध्ये आहे. आणि आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने उत्तर द्यावे, हे १ पेत्र ३:१५ मध्ये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा आमच्या मंडळीतल्या बायकांनी दोन दिवस खिचडी करून आसपासच्या घरांत पोहोचवली. त्यावर कोणी संदेश दिला नाही आणि त्या शेजारातून उपासनेला कोणी आले असेही नाही; मात्र त्यानंतर जिन्यातल्या चपलांबद्दल तक्रार आली नाही.

तुम्ही वचने मागितली होती, म्हणून एक करून पाहा. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राचे पाचही अध्याय येत्या रविवारी संदेशाऐवजी सलग, मोठ्याने, एका बैठकीत वाचा. पाऊण तासही लागणार नाही, पंधरा-वीस मिनिटांत होईल. नऊ जणांनी आळीपाळीने वाचावे, तुमच्या मुलानेही. मध्ये स्पष्टीकरण करायचा मोह आवरा. त्यापुढच्या रविवारी रोमकरांस सोळावा अध्याय घ्या, ज्यात नावांपलीकडे फारसे काही नाही असे समजून आपण तो नेहमी गाळतो: कोणाच्या घरी मंडळी जमते, कोणी फार श्रम केले, कोणाची आई पौलालाही आईसारखी झाली. तो वाचून झाल्यावर हजेरीच्या वहीत आकडा लिहू नका. नऊ नावे लिहा, पेटीवरून रुसलेल्याचेही.

तिसऱ्या रविवारी मी मकरपुरा आगाराच्या बाजूने बसने येईन. खुर्चीची खटपट करू नका. गुडघे अजून सतरंजीवर बसू देतात.